सूर सत्यवतीचा, चेहरा आईचा

‘अर्थशून्य भासे’ हे नाट्यपद ज्यांना पाठ आहे त्यांना विचारून पाहा, हे पद नाटकात कोण म्हणतं आणि का म्हणतं? संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी, गायिका आशालता वाबगावकर, नाटक ‘मत्स्यगंधा’, एवढं पुष्कळजण सांगतील. पण गाणारी बाई त्या वेळी हस्तिनापूरची राणी सत्यवती असते, तिच्या अंगावर एका घराण्याच्या विनाशाचा भार असतो, हे सांगणारे थोडेच भेटतील. रेडिओनं ते पद आपल्यापर्यंत पोचवलं आणि पदाभोवतीचं नाटक मागेच राहिलं. संगीत नाटकातल्या अभिनेत्रीची कारकीर्द समजून घ्यायची तर हे मागे राहिलेलं अर्धं आधी शोधावं लागतं.

हा शोध कोरेगावच्या वाचकासाठी परक्या मुलखातला नाही. ‘मत्स्यगंधा’ लिहिणारे वसंत कानेटकर याच तालुक्यातल्या रहिमतपूरचे. त्यांचा जन्म तिथे १९२० साली झाला. आशालताबाई गोव्याच्या आणि वाढल्या मुंबईत. पण त्यांच्या रंगभूमीवरच्या आयुष्याचे दोन मोठे टप्पे कृष्णाकाठच्या दोन लेखकांच्या हातचे आहेत. पहिली भूमिका मिळाली ती सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकात. ज्या भूमिकेनं नाव झालं ती रहिमतपूरच्या कानेटकरांनी लिहिली. आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला तो साताऱ्यात.

आशालताबाईंचा जन्म १९४१ चा. शाळा मुंबईतली, गावदेवी भागातलं सेंट कोलंबा हायस्कूल. पुढे त्यांनी काही काळ मंत्रालयात अर्धवेळ नोकरी केली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्या कोंकणी गाणी गात असत. हे तपशील वाचताना कुणाला ते फक्त परिचयातले वाटतील. मला मात्र त्यांत मराठी रंगभूमीचा एक मोठा बदल दिसतो. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत रंगमंचावर गाणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेनं पाहत होता हे आठवलं, की शिकलेली, नोकरी करणारी, मानसशास्त्राची पदवी घेणारी तरुणी संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जाते, ही साधी गोष्ट साधी राहत नाही.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीता पुरुषच झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, तेव्हा शकुंतलाही पुरुषच होता. शंभराहून अधिक पदांची ती नाटकं. कथा पुढे सरकायची तीच मुळी गाण्यांतून. या परंपरेचा कळस म्हणजे बालगंधर्व. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याशी त्यांचं नातं, आणि १९०५ साली शकुंतलेच्या रूपात ते पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. पुढची जवळपास तीस वर्षं मराठी प्रेक्षकाच्या मनात नायिका म्हणजे बालगंधर्वांचा आवाज, त्यांची मान वेळावण्याची ढब, त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा, असं समीकरण बसलं. शिक्षित घरांतल्या बायका त्यांची अनुकरणं करत.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. स्त्रिया रंगमंचावर आल्या तेव्हा त्यांना स्त्रीची भूमिका करण्यासाठी एका पुरुषानं घालून दिलेल्या मापाला उतरावं लागलं. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी नाटक कंपनी काढली, स्वतः भूमिका केल्या. त्या किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या, गाण्यात त्यांच्या तोडीचं कोण होतं! तरीही त्यांची थोरवी लोकांनी मैफलीतच जास्त मानली. ज्योत्स्ना भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये आणि १९४२ साली ‘कुलवधू’मध्ये वेगळी वाट काढली. पदं कमी, चाली हलक्या, नायिका आजच्या घरातली. जुन्या पदांच्या नायिकांना मात्र गंधर्वांच्या सावलीतून सुटका नव्हती.

आशालताबाईंची पहिली भूमिका नेमकी अशाच नायिकेची होती. दि गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘संगीत संशयकल्लोळ’मध्ये त्या रेवती झाल्या. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक आणलं तेव्हा रेवती होते बालगंधर्व. त्या पदांच्या जागा, हरकती, ठेहराव सगळं जुन्या रसिकांच्या कानात होतं. शिवाय देवलांचं हे नाटक विनोदी. फाल्गुनराव संशयानं पछाडलेला, कृत्तिका त्याच्यावर वरताण, आणि या गोंधळात अश्विनशेठ आणि रेवती यांचं प्रेम सापडतं. विनोदी नाटकात वाक्य अर्धा क्षण उशिरा आलं तर हशा जातो. त्याच नाटकात पद मात्र निवांत, रंगवून म्हणायचं असतं. म्हणजे एकाच प्रवेशात बाईला दोन घड्याळं सांभाळायची. नव्या मुलीसाठी ही शाळा कठीण होती. आणि तिला तालीम देणारे गुरुजीही तसेच मिळाले. गोपीनाथ सावकारांना त्या आपले रंगभूमीवरचे गुरू मानत.

इथे गोवा हिंदू असोसिएशनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अशी संस्था नसती तर अशी कारकीर्दही झाली नसती. मुंबईतल्या गोवेकरांनी १९१९ साली ही संस्था काढली. पुढे तिच्या कला विभागानं नाटकं करायला घेतली. रामकृष्ण नायक यांच्यासारखे कार्यकर्ते, मास्टर दत्ताराम यांच्यासारखे जुन्या परंपरेत मुरलेले नट-दिग्दर्शक, आणि गोव्याच्या मातीतून आलेलं गाणं, असा तो मेळ होता. जुन्या नाटक कंपनीत नट कंपनीच्याच घरात राहायचा, कंपनीचं खायचा, कंपनी बुडाली की रस्त्यावर यायचा. इथे मंडळी पोटासाठी नोकरी करत होती आणि नाटक जिवासाठी. ‘मत्स्यगंधा’त पराशर झालेले रामदास कामत एअर इंडियात नोकरीला होते. दिवसभराचं काम, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग. घरातून बाहेर पडून गाणाऱ्या मुलीच्या आईवडिलांनाही अशा संस्थेचा आधार वाटत असणार, हे उघड आहे.

याच संस्थेनं १९६२ साली कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणलं. त्यातले मास्टर दत्तारामांचे शिवाजी आणि काशिनाथ घाणेकरांचे संभाजी महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६४ साली, त्याच लेखकानं आणि त्याच संस्थेनं संगीत नाटकाला हात घातला.

कानेटकर संगीत नाटकाकडे कसे वळले याचं उत्तर मला त्यांच्या घरात दिसतं. त्यांचे वडील शंकर केशव कानेटकर म्हणजे कवी गिरीश, रविकिरण मंडळातले. या मंडळातल्या कवींनी, विशेषतः गिरीश आणि साताऱ्याकडचेच यशवंत यांनी, कविता गाऊन दाखवण्याची प्रथा महाराष्ट्रभर नेली. गावोगावी त्यांच्या काव्यगायनाला गर्दी जमत असे. ज्या मुलानं घरात कविता आधी कानांनी ऐकली, त्याला शब्द कुठे लांबवता येतो, कुठे अक्षर गिळलं जातं, कुठल्या स्वरावर गळा उघडा राहतो, हे शिकवावं लागत नाही. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकून कानेटकर नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक झाले आणि तिथलेच होऊन गेले. ‘मत्स्यगंधा’ची पदं त्यांनी स्वतः लिहिली. ती वाचली तरी गायल्यासारखी वाटतात.

आणि नायिका? महाभारतातली सत्यवती. कोळ्याची मुलगी, नाव वल्हवणारी. पराशर ऋषी तिच्या नावेत बसतात, त्यांच्यापासून तिला व्यास होतात. पुढे राजा शंतनू तिच्यावर भाळतो. तिच्या मुलालाच गादी मिळावी म्हणून देवव्रत आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि भीष्म होतो. सत्यवती राणी होते, तिचे दोन्ही मुलगे अकाली मरतात, आणि जे घराणं आपल्या रक्ताचं व्हावं म्हणून एवढा अट्टहास केला त्याचा वंशच खुंटतो. मराठी संगीत नाटकातल्या आधीच्या नायिका आठवून पाहा. शकुंतला, सुभद्रा, भामिनी, वसंतसेना, शारदा. प्रेमात पडलेल्या, सोसणाऱ्या, वाट पाहणाऱ्या. सत्यवती यांच्या ओळीत बसत नाही. तिला हवं असतं, ती ते मिळवते, आणि मिळवल्याची किंमत मोजते. नावेतल्या अवखळ मुलीपासून सगळं गमावलेल्या राजमातेपर्यंतचा पल्ला एकाच अभिनेत्रीनं एका रात्रीत गाठायचा, आणि तोही गात गात.

या भूमिकेला आशालताबाईंच्या आधी कुणीच हात लावलेला नव्हता. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत निर्णायक गोष्ट ही. रेवतीची पदं म्हणताना त्यांच्यापुढे बालगंधर्व होते. सत्यवतीची पदं म्हणताना पुढे कुणी नव्हतं. यानंतर जी कुणी सत्यवती होईल तिला आशालताबाईंशी ताडून पाहिलं जाणार होतं. गाणाऱ्या नटीला आवाज जन्मानं मिळतो, तालीम कष्टानं मिळते, पण अशी कोरी भूमिका नशिबानंच मिळते. कित्येक उत्तम गायिका-अभिनेत्री आयुष्यभर सुभद्रा आणि भामिनी उत्तम करत राहिल्या. त्यांचं कौतुक झालं ते ‘जुन्याची आठवण करून दिली’ म्हणून.

‘मत्स्यगंधा’चं संगीत होतं जितेंद्र अभिषेकींचं. मंगेशीचे अभिषेकीबुवा, शास्त्रीय गायक म्हणून घडत असतानाच मुंबई आकाशवाणीवर कोंकणी कार्यक्रम करत होते. नाटकाच्या संगीतात त्यांनी जे केलं त्याचा गाणाऱ्या नटीच्या कामावर थेट परिणाम झाला, म्हणून ते नीट समजून घेऊ. जुन्या संगीत नाटकात पद हे बहुधा बंदिशीवर बेतलेलं असे. राग घ्यायचा, बंदिशीची चाल घ्यायची, तिच्यावर मराठी शब्द बसवायचे. मग गायक-नट आलाप करणार, तानांवर ताना घेणार, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देणार, पुन्हा पद. रात्रभर नाटक चालायचं ते यामुळे. शाकुंतलाला या थाटात पाहायला हरकत नव्हती. लोकांनाही घाई नव्हती. अभिषेकींनी पदं मोजकी ठेवली. ‘मत्स्यगंधा’ची गाजलेली पदं बोटांवर मोजता येतील. चाल बंदिशीवरून न उचलता त्या पदाच्या भावातून बांधली. तान आणि हरकत चालीतच ओवली, म्हणजे नटाला वेगळी गायकी दाखवायला थांबावं लागू नये.

आता हे गाणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहा. चाल आटोपशीर झाली, म्हणजे काम सोपं झालं असं वाटेल. उलट झालं. जुन्या पद्धतीत पद सुरू झालं की नाटक थांबायचं. नट पुढे यायचा, प्रेक्षकांकडे तोंड करायचा आणि तेवढा वेळ गवई व्हायचा. नव्या पद्धतीत पद चालू असताना नाटकही चालूच असतं. गळ्यात सूर आणि डोळ्यांत सत्यवती, दोन्ही एकाच वेळी. सुराची फिकीर चेहऱ्यावर आली की सत्यवती गेली. भावनेनं गळा दाटला की सूर गेला. खरंखुरं रडणारी बाई सुरात गाऊ शकत नाही. संगीत नाटकातली अभिनेत्री रडते ते श्वासावर ताबा ठेवून, आणि तरीही ते खोटं वाटू द्यायचं नसतं.

प्रयोगात हे प्रत्यक्ष घडतं कसं? पदाच्या आधीचा संवाद चालू असतानाच ऑर्गनवाला हलकेच सूर धरतो. संवादातलं शेवटचं वाक्य बोलता बोलता अभिनेत्रीनं आपली पट्टी कानात पकडायची असते, आणि बोलणं कुठे संपलं व गाणं कुठे लागलं याचा सांधा दिसू द्यायचा नसतो. तो सांधा ज्यांना जमतो त्यांची पदं नाटकाला चिकटून राहतात. पट्टीचा प्रश्न वेगळाच. पुरुषांची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चारच्या आसपास. पुरुष गाऊन गेला, त्याचा सूर प्रेक्षकांच्या आणि बाईच्याही कानात घुमतो आहे, आणि तिला दुसऱ्याच पट्टीतून उठायचं आहे. बालगंधर्वांच्या काळात नायक-नायिका दोघंही पुरुष असत, तेव्हा हा पेच एवढा नव्हता. स्त्रिया आल्या आणि ऑर्गनवाल्याचंही काम वाढलं.

त्यात ‘वन्स मोअर’. प्रेक्षकांची ती दाद, तिच्यासाठी नट जगतो. पण राणी उद्ध्वस्त होऊन गात आहे, पद संपलं, टाळ्या आल्या, आणि आता तिनं तेच पद पुन्हा म्हणायचं. दुसऱ्या वेळी भाव पुन्हा उभा करायचा, आवाज पुरवायचा, आणि पुढच्या प्रवेशासाठी राखूनही ठेवायचा. दौऱ्यावर असताना हे लागोपाठच्या रात्री. मुंबईहून निघालेली बस पुणे, सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर करत गोव्याला जाणार. धूळ, जागरण, गावोगावचं पाणी, गार वारा. गवयाला आवाज बसला तर मैफल पुढे ढकलता येते. नाटकाची तिकिटं विकली गेलेली असतात.

एवढं सगळं करून ‘मत्स्यगंधा’च्या सत्यवतीचं आज आपल्याकडे काय उरलं आहे? ध्वनिमुद्रित पदं. ती अवीट आहेत. ‘गर्द सभोवती’ ऐकताना नावेतल्या मुलीचं वय त्या आवाजात कळतं, आणि ‘अर्थशून्य भासे’मध्ये तोच आवाज वयानं वाढलेला, थकलेला येतो. गायिकेनं नुसता स्वर लावून हे होत नाही. ती भूमिका करत होती म्हणून झालं. आशालताबाईंनाही या पदाचं मोल ठाऊक होतं. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘गर्द सभोवती’ हेच नाव दिलं.

त्याच दशकात संगीत नाटकाला पुन्हा बरे दिवस आले होते. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० चं, ‘मंदारमाला’ १९६३ चं. ‘मत्स्यगंधा’नंतर १९६६ साली शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आणि कानेटकरांचंच ‘लेकुरे उदंड जाली’. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’, ज्यात फैय्याज झरीना झाल्या. वाटावं की आता हा प्रवाह थांबायचा नाही. पण ओहोटी लागली. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं. वादक, गायक-नट, मोठा नटसंच घेऊन फिरणं महाग होत गेलं. आणि खरी अडचण माणसांची होती. गाणारे पुष्कळ, अभिनय करणारे पुष्कळ, दोन्ही करणारे मूठभर. आणि ते घडवायला लागणारी पाच-सात वर्षं कुणी द्यायची? गाणाऱ्यांना मैफल आणि रेडिओ होता, अभिनय करणाऱ्यांना सिनेमा.

या वळणावर गाणाऱ्या नटीपुढे दोन वाटा होत्या. एक जयमाला शिलेदारांची. जयराम शिलेदारांबरोबर १९४९ साली त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही स्वतःची संस्था काढली आणि शेवटपर्यंत संगीत नाटकच केलं. मुलगी कीर्ती शिलेदार त्याच वाटेनं गेली. २०१८ साली ती नाट्यसंमेलनाची अध्यक्ष झाली. कर्ज, तोटा, रिकाम्या खुर्च्या हे सगळं सोसून त्या घराण्यानं तो दिवा पेटता ठेवला. जयमालाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. दुसरी वाट आशालताबाईंची. त्यांच्याजवळ कंपनी नव्हती, होता तो फक्त अभिनय. त्यांनी ‘गारंबीचा बापू’, ‘भावबंधन’, ‘गुड बाय डॉक्टर’ अशी नाटकं केली, त्यांतली कित्येक गद्य. आणि मग त्या सिनेमात गेल्या.

बासू चॅटर्जींच्या ‘अपने पराये’मध्ये, १९८० साली, त्यांनी एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ केली. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. ज्या चित्रपटात उत्पल दत्त, शबाना आझमी, अमोल पालेकर आहेत तिथे एका मराठी नाटकवाल्या बाईकडे परीक्षकांचं लक्ष जावं, यात सत्यवतीची तालीम कामाला आली असं मी मानतो. कमी शब्दांत, नुसत्या आवाजाच्या चढउतारांतून घरातलं सगळं राजकारण दाखवणं हे गाणाऱ्या नटीला जमतं. मग ‘उंबरठा’, ‘वो सात दिन’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘अंकुश’, ‘माहेरची साडी’. हिंदी आणि मराठी मिळून शंभरावर चित्रपट. आई, सासू, वहिनी, मावशी. पुढे मालिकाही.

या कामाला कमी लेखायचं नाही. शंभर चित्रपटांत पडद्यावर दिसत राहणं, प्रत्येक दिग्दर्शकाला पुन्हा हवंसं वाटणं, हे कष्टाचं फळ आहे. आणि त्यातून घर चालतं, म्हातारपण सुरक्षित होतं. पण सिनेमातली आई गात नाही. फार तर देवघरात ओठ हलवते आणि आवाज दुसऱ्या कुणाचा असतो. जिनं स्वतःच्या गळ्यानं सत्यवती उभी केली तिच्याकडून हिंदी सिनेमानं एकही पद मागितलं नाही. परिणामी आपल्याकडे आशालताबाईंची दोन वेगवेगळी स्मरणं झाली. रेडिओ ऐकणाऱ्यांकडे त्यांचा आवाज आहे, चेहरा नाही. सिनेमा पाहणाऱ्यांकडे चेहरा आहे, आवाज नाही. ‘अंकुश’ पाहिलेल्या कित्येकांना ‘गर्द सभोवती’ याच बाईंनी गायलंय हे सांगावं लागतं. दोन्ही एकत्र ज्यांनी पाहिलं, ते साठ-सत्तरच्या दशकातले नाटकवेडे प्रेक्षक, आता वयस्क झाले आहेत.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये आशालताबाई सातारा जिल्ह्यात होत्या. मांढरदेवच्या काळूबाईवरच्या ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेचं चित्रीकरण इथे चाललं होतं. टाळेबंदीनंतर नुकतीच कामं सुरू झाली होती आणि वयाच्या ७९ व्या वर्षी त्या कामावर आल्या होत्या. चित्रीकरणाच्या चमूत करोनाची लागण पसरली. साताऱ्यातल्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. मालिकेच्या निर्मात्या अलका कुबल यांनी त्यांची घरच्यासारखी काळजी घेतली. त्या वाचल्या नाहीत. अंत्यसंस्कारही साताऱ्यातच झाले. त्या दिवसांत ना गर्दी, ना शोकसभा. बातम्यांत ‘ज्येष्ठ चित्रपट अभिनेत्री’ असा उल्लेख आधी आला, आणि ‘मत्स्यगंधा’चं नाव त्यानंतर.

तो क्रम मला मान्य नाही. चित्रपट कितीही असोत, सत्यवती एकच होती, आणि ती त्यांच्याशिवाय अशी झाली नसती. संगीत नाटकाच्या इतिहासात बालगंधर्वांची भामिनी जशी मोजतात तशी ही सत्यवती मोजायला हवी. ती मोजली जात नाही याचं एकच कारण: गाणारा पुरुष नट हा ‘परंपरा’ मानला गेला आणि गाणारी बाई ही ‘गायिका’ किंवा ‘अभिनेत्री’ यांपैकी एक काहीतरी. दोन्ही असण्याला आपल्या समीक्षेनं जागाच ठेवली नाही.

आता काय करता येईल? ‘मत्स्यगंधा’ पुस्तकरूपात आहे. पदं कुठेही ऐकायला मिळतात. कोरेगाव, रहिमतपूर, सातारा, सांगली या पट्ट्यात गाणं शिकणाऱ्या मुलींची वाण नाही. गावोगावी पेटीचे क्लास आहेत, शाळा-महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा आहेत, भजनी मंडळांत सुरेल गळे आहेत. गाण्याच्या परीक्षांसाठी मुली राग पाठ करतात आणि स्नेहसंमेलनात एखादं नाट्यपद म्हणून बक्षीस घेतात. त्याच मुलींना पदाच्या आधीचा आणि नंतरचा संवाद द्या. पराशर कुठे उभा आहे, सत्यवती कुणाकडे पाहून गाते, हे दिग्दर्शकानं एकदा बसवून दाखवू द्या. ऑर्गन नसेल तर पेटी चालेल. पूर्ण नाटक झेपत नसेल तर नावेतला पहिला प्रवेश करा. रहिमतपूरच्या लेखकाची नायिका रहिमतपुरातल्याच एखाद्या मुलीनं आपल्या गळ्यानं उभी करावी, यासाठी मोठ्या नाट्यगृहाची गरज नाही. शाळेचं पटांगण, दोन माइक आणि महिनाभराची तालीम पुरेशी आहे. गावातल्या संगीत शिक्षकांनी आणि नाट्यवेड्या मंडळींनी येत्या २० मार्चला, कानेटकरांच्या जन्मदिवशी, हे करून पाहावं.